कंट्रोल (२००७) मधे नट खरंच गायलाय का, आणि त्याने एवढा काय फरक पडतो

प्रश्न असा आलाय की, जॉय डिव्हिजन ह्या इंग्लिश रॉक बँडचा गायक इयान कर्टिस, त्याच्यावरचा 'कंट्रोल' बघितला, त्यातली स्टेजवरची गाणी जॉय डिव्हिजनची मूळचीच लावलीत की नटांनी गायलीत? आणि क्वीन बँडवरच्या 'बोहेमियन रॅप्सडी'त एवढा पैसा ओतून जे अंगावर येत नाही ते ह्या लहानशा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरमधे कसं येतं?

एका ओळीत हवं असेल तर, बँड स्टेजवर दिसतो तिथे कर्टिसचं काम करणारा सॅम रायली स्वतः गायलाय आणि बाकीच्या तिघांनी स्वतः वाजवलंय. पण एका ओळीत सांगून माझं समाधान होणार नाही, कारण ह्याच एका गोष्टीशी झगडण्यात माझं अर्धं करिअर गेलंय. मी बावीस वर्षं साउंडमधे आहे. आधी बूम, म्हणजे काठीवरचा माईक, धरून उभा राहायचो, मग लोकेशन रेकॉर्डिस्ट झालो, आता गुडघे बोलायला लागल्यावर जास्त करून मिक्सिंगला बसतो. त्यामुळे उत्तर कानाच्या बाजूने येणार, अभिनय बिभिनयावर बोलायला माझ्यापेक्षा शहाणे लोक आहेत.

ज्यांना कर्टिस माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इंग्लंडमधे मँचेस्टरच्या जवळ मॅकल्सफील्ड नावाचं गाव आहे, तिथला हा मुलगा, १९५६ चा जन्म. एकोणिसाव्या वर्षी लग्न, नोकरी सरकारी, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधे. अपंग लोकांना काम मिळवून द्यायचं हे त्याचं काम. १९७६ साली सेक्स पिस्टल्स ह्या पंक बँडचा मँचेस्टरमधला कार्यक्रम बघून त्या भागातल्या निम्म्या पोरांनी बँड काढले, त्यातलाच ह्यांचा एक, आधी नाव वॉर्सा, मग जॉय डिव्हिजन. डिसेंबर १९७८ मधे लंडनहून कार्यक्रम करून परत येताना त्याला गाडीत पहिला मोठा झटका आला, जानेवारीत निदान झालं एपिलेप्सी. १९७९ च्या एप्रिलमधे मुलगी झाली, जूनमधे पहिला अल्बम आला. आणि १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या पहिल्या टूरला निघायच्या आदल्या दिवशी, त्याने आत्महत्या केली. वय तेवीस. दुसरा अल्बम तो गेल्यावर दोन महिन्यांनी बाहेर आला. उरलेल्या तिघांनी पुढे न्यू ऑर्डर काढला.

पिक्चर बनवला अँटन कॉर्बाइनने. तो मुळात फोटोग्राफर, नेदरलँड्सचा, आणि १९७९ मधे ह्याच बँडच्या गाण्यांच्या ओढीने इंग्लंडला राहायला आला. लंडनच्या भुयारी रेल्वे स्टेशनात त्याने ह्या चौघांचा काढलेला फोटो आजही टीशर्टवर दिसतो. पहिलाच पिक्चर, बजेट साधारण पंचेचाळीस लाख युरो, आणि त्यातला जवळपास निम्मा पैसा त्याने स्वतःच्या खिशातून घातला. कथेचा आधार म्हणजे कर्टिसच्या बायकोचं, डेबराचं, १९९५ चं आत्मकथन. कॅमेऱ्याला मार्टिन रूअ. शूट रंगीत फिल्मवर केलंय आणि नंतर काळंपांढरं केलंय, त्यामुळे त्या करड्या रंगात एवढ्या छटा दिसतात.

आता मुद्द्यावर येतो. सुरुवातीचा बेत मूळ रेकॉर्डिंग लावून नटांनी ओठ हलवायचे असाच होता, सगळे करतात तसा. पण ही चार पोरं तालीम करकरून एवढी तयार झाली की कॉर्बाइनने बेत बदलला. सॅम रायली स्वतः लीड्सच्या एका बँडमधे गायचा, तो बँड काही चालला नाही, आणि हा रोल मिळाला तेव्हा तो गोदामात शर्टांच्या घड्या घालायचं काम करत होता. म्हणजे स्टेजवर उभं राहून समोरच्या पन्नास कंटाळलेल्या लोकांसमोर गाणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या मते कास्टिंगची खरी कमाल इथे आहे, चेहरा थोडाफार जुळतो तो बोनस.

पण समजा पोरं तयार झाली नसती आणि मूळ रेकॉर्ड लावली असती, तर? माझं म्हणणं असं की पिक्चर तिथेच पडला असता, आणि ह्याचं कारण फार कमी लोक बोलतात. जॉय डिव्हिजनचे दोन वेगवेगळे आवाज होते. एक रेकॉर्डवरचा, जो मार्टिन हॅनेट नावाच्या प्रोड्यूसरने स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत घडवला. हा माणूस विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता. ड्रमचा एकेक तुकडा वेगळा वाजवून घ्यायचा, म्हणजे स्नेअर वेगळा, टॉम वेगळा, का तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमधे यायला नको. त्यावर डिजिटल डिले, म्हणजे आवाज क्षणभराने परत ऐकवणारं यंत्र, लावायचा, आणि सगळं असं थंड, लांबून, रिकाम्या कारखान्यातून आल्यासारखं ऐकू यायचं. दुसरा आवाज स्टेजवरचा. तिथे हेच लोक जोरात, खरखरीत, थेट अंगावर येणारे. गिटारवाला समनर आणि बेसवाला हूक, दोघंही तेव्हा अल्बम ऐकून नाराज झाले होते, की आम्ही असे वाजत नाही. आता तुम्ही पबमधला घामट सीन दाखवणार, छत डोक्याला लागतंय, बिअरचे ग्लास, आणि आवाज लावणार हॅनेटच्या थंड खोलीतला? डोळा एक सांगतो, कान दुसरं. प्रेक्षकाला कळत नाही काय चुकलं, पण त्याचा विश्वास उडतो. मग लाइव्ह रेकॉर्डिंग लावू म्हणाल तर त्या काळातली त्यांची लाइव्ह रेकॉर्डिंगं बरीचशी अशी आहेत की सगळं एकत्र गोठलेलं, त्यातून गळा वेगळा काढता येत नाही. म्हणजे नटांनी वाजवणं हा कलेचा हट्ट तर होताच, पण साउंडच्या दृष्टीने तो एकमेव धड रस्ताही होता.

तो रस्ता सोपा मात्र नाही हां. लाइव्ह बँड शूट करणं म्हणजे काय ते सांगतो. साधा डायलॉग सीन असेल तर लेपल, म्हणजे कपड्यावरचा छोटा माईक, लावला, वरून बूम आला, झालं. बँडमधे ड्रमर असतो. ड्रमचा आवाज सगळ्या माईकमधे घुसतो, गायकाच्या माईकमधे तर सगळ्यात जास्त, कारण तो नेमका ड्रमच्या समोर उभा असतो. झांज हा तर माझा जन्माचा वैरी आहे. पण एक वरदानही असतं, गायकाच्या हातातला माईक फ्रेममधे दिसलेला चालतो. एरवी आमचं आयुष्य माईक लपवण्यात जातं, शर्टाच्या बटणामागे, पदराखाली, कुंडीत. कॉन्सर्टच्या सीनमधे जो दिसतोय तोच खरा रेकॉर्डिंगचा माईक असू शकतो. गिटार आणि बेसची सरळ लाइन घ्यायची, ॲम्पसमोर एकेक माईक, हॉलच्या मागे दोन माईक नुसत्या खोलीसाठी. ते मागचे दोन मी कधीच सोडत नाही, निर्माता कितीही ओरडला तरी, कारण जागा ऐकू येते ती त्याच्यात.

दुसरी भानगड लयीची. जॉय डिव्हिजनसारखा बँड कानात क्लिक, म्हणजे वेग धरून ठेवणारी टिकटिक, लावून वाजवत नाही. म्हणजे पहिल्या टेकला गाणं एका वेगात, चौथ्या टेकला सगळे तापलेत म्हणून जरा पुढे. एडिटरने पहिल्या टेकचा क्लोजअप आणि चौथ्याचा वाइड जोडला की ड्रमस्टिक खाली यायच्या आधीच ठोका ऐकू येतो. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण बेचाळीस मिलिसेकंद. आवाज दोन फ्रेम मागे राहिला तर माणूस सहन करतो, कारण खऱ्या आयुष्यात पण लांबचा आवाज उशिराच येतो, शेतात पलीकडे कुणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी दिसते. पण आवाज दोन फ्रेम पुढे गेला की मेंदू लगेच पकडतो, कारण असं निसर्गात होतच नाही. म्हणून मग उपाय एकच, दोनतीन कॅमेरे एकदम लावायचे, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाजवायचं, आणि एक टेक 'हा आपला' म्हणून पक्का करायचा, बाकी सगळं त्याच्या अंगावर बेतायचं. नटांची हाडं मोडतात. पण तिसऱ्या चौथ्या टेकला जो घाम येतो ना, तो मेकअपवाल्याच्या स्प्रेने येत नाही.

'कंट्रोल'मधे ट्रान्समिशन हे गाणं टीव्ही स्टुडिओत गातात तो सीन परत काढून बघा, आणि ह्या वेळी रायलीच्या चेहऱ्याकडे न बघता गळ्याकडे बघा. ओळ संपत येते तशी मानेची शीर ताणली जाते, खांदे वर येतात, मग ओळ सुटते आणि छाती खाली बसते, आणि आवाजही नेमका तिथेच जरा फाटतो. मूळ गाण्याइतका तो खोल आवाज नाहीये रायलीचा, कर्टिसचा खर्ज वेगळाच होता. पण शरीर आणि आवाज एकाच माणसाचे आहेत हे तुमच्या कानाला पटतं, आणि एकदा पटलं की पुढचे दोन तास तो कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवतो. (जाता जाता, इतिहासाला धरून बोलायचं तर त्या बँडने ग्रॅनडा टीव्हीवर सप्टेंबर १९७८ मधे पहिल्यांदा गायलं ते शॅडोप्ले होतं, ट्रान्समिशन नव्हे. पिक्चरने बदललंय. मला काही त्रास नाही त्याचा, सीनला ट्रान्समिशनच हवं होतं.)

ह्या श्वासाच्या बाबतीत मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. बरीच वर्षं झाली, एका लोकगायकावरचा मराठी पिक्चर होता, नाव नाही सांगत, निर्माते अजून भेटतात लग्नाबिग्नात. गाणी दोन महिने आधी अंधेरीत स्टुडिओत रेकॉर्ड केलेली, गायक एकदम तयारीचा, नट नाटकातला दणकट माणूस. जत्रेचा सीन, साताऱ्याकडे, रात्री दोनला शूट, हा नट डफ घेऊन फिरतोय, ट्रॉलीवर चढतोय, उतरतोय, आणि आम्ही स्पीकरवर ट्रॅक लावलाय. रात्रीची वेळ, गाव झोपलेलं, सरपंचांनी आधीच दम दिलेला, म्हणून ट्रॅकचा आवाज कमी ठेवला. आवाज कमी म्हणून नटही हळूच गुणगुणत ओठ हलवायला लागला. मला तेव्हा ते दिसलं होतं, मी बोललो नाही, कारण लोकेशन साउंडवाल्याने अडीच वाजता तोंड उघडलं की सगळं युनिट त्याच्याकडे खाऊ की गिळू बघतं. मिक्सिंगला सगळं छान वाटलं. फ्रेमला फ्रेम जुळलेलं. मग आम्ही दहावीस लोकांना बोलावून दाखवला, त्यात कुणाची तरी आजी होती, नऊवारीतली, ती गाणं संपल्यावर म्हणाली, गातोय कुठं तो, गळ्यात तर काय हलतच न्हाई त्याच्या. संपलं. इतकी वर्षं मी जे मशीनवर मोजत होतो ते तिने चष्म्याशिवाय सांगितलं.

मग आम्ही काय केलं तर नटाला स्टुडिओत बोलावून दोन तास नुसते श्वास रेकॉर्ड केले. खरंच. पडद्यावर सीन लावायचा, त्याला जागेवर उड्या मारायला लावायच्या, आणि दोन ओळींच्या मधे जिथे जिथे त्याची छाती हलते तिथे तिथे धाप, घोट, ओठ सुटल्याचा चट् असा आवाज, घ्यायचे. ते तुकडे गायकाच्या आवाजात शिवले आणि गायकाचे मूळचे शांत, एसी रूममधले श्वास काढून टाकले. शंभरातले तीस टक्के दुखणं कमी झालं. गळा हलत नव्हता तो नव्हताच. तेव्हापासून माझा नियम आहे, ट्रॅकवर शूट असलं तरी नटाने जीव तोडून मोठ्याने गायचं, बेसूर झालं तरी चालेल, ते कुणी ऐकणार नाहीये, पण शीर दिसणार आहे.

आता बोहेमियन रॅप्सडी. त्या टीमला उगाच नावं ठेवणार नाही, साउंड एडिटिंग आणि साउंड मिक्सिंग ही दोन्ही ऑस्कर त्यांनी नेली आणि काम खरोखर त्या तोडीचं आहे. फरक असा की क्वीनच्या गाण्यांचे मूळ मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज वेगवेगळा ठेवलेली रेकॉर्डिंगं, हातात होते, म्हणून त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा गळा वेगळा काढता येत होता. तो आवाज असताना दुसऱ्या कुणाला गायला लावायचं म्हणजे वेडेपणाच. म्हणून बराचसा फ्रेडीच, जिथे फ्रेडीचं रेकॉर्डिंग नाही तिथे मार्क मार्टेल नावाचा कॅनडाचा गायक, ज्याचा गळा फ्रेडीच्या इतका जवळ जातो की भीती वाटते, आणि थोडाफार फ्रेडी झालेला नट रामी मालेक. लाइव्ह एड ह्या मदतनिधीच्या मोठ्या कॉन्सर्टचा सीन, १३ जुलै १९८५ चा, त्यासाठी वेम्ब्लीचं स्टेज बॉव्हिंग्डनच्या जुन्या विमानतळावर परत उभारलं. मालेकने एकेक हालचाल घोटून बसवलीये. सगळं बरोबर आहे, आणि मला नेमका तोच त्रास होतो. सगळं बरोबर आहे, पण चुकायची शक्यताच कुठे दिसत नाही. आणि स्टेजवरच्या माणसाकडे आपण श्वास रोखून बघतो ते तो चुकू शकतो म्हणून, नाही का?

शिवाय तिथे गोष्टही शो सजवण्यासाठी हलवलीये, फ्रेडीच्या एड्सचं निदान लाइव्ह एडच्या आधी दाखवलंय, आणि ते साधारण १९८७ चं धरतात. आपल्याला अजून एक दुःख, फारोख बलसारा, म्हणजे हाच फ्रेडी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच द हेक्टिक्स नावाचा पोरांचा बँड होता आणि हा त्यात पियानो वाजवायचा, आणि अख्ख्या पिक्चरमधे पाचगणीचं ते धुकं एकदाही दिसत नाही. असो, हे रडगाणं दर महाबळेश्वर ट्रिपला होतंच.

तिसरा प्रकार म्हणजे मिसळण. १९९१ चा जिम मॉरिसनवरचा 'द डोअर्स', त्यात व्हॅल किल्मर बराचसा स्वतः गायलाय आणि मधे मधे मॉरिसनचा मूळ आवाज आहे, आणि कुठे कोण हे सांगताना भलेभले फसतात. साउंड म्हणून मला तो फार आवडतो. माणूस म्हणून मॉरिसन मात्र त्यात सतत बाटली आणि भ्रम ह्यातच फिरतो, त्याच बँडचा कीबोर्डवाला मॅन्झरेक त्या पिक्चरवर शेवटपर्यंत चिडलेला होता तो ह्याच कारणाने.

आपल्याकडे पण दोन्ही पद्धती झाल्यात. २०११ च्या 'बालगंधर्व'मधे सुबोध भावे दिसतो आणि आनंद भाटे गातात, आणि ते चालतं, भाट्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. का चालतं, तर नाट्यसंगीतात बालगंधर्वांचा आवाज म्हणजे लोकांच्या मनात जवळजवळ देव्हाऱ्यातली वस्तू, तो थोडा अलौकिक, थोडा शरीरापासून सुटलेला वाटला तरी खपतो. याउलट 'मी वसंतराव'मधे राहुल देशपांडे आजोबांचं कामही करतो आणि गातोही. वसंतरावांचं गाणं म्हणजे अंगाने गाणं, तान घेताना अख्खा माणूस हलायचा, तिथे दुसऱ्याचा गळा लावला असता तर चाललं नसतं. रॉक त्या दुसऱ्या जातीचं आहे. कर्टिस तर जास्तच, कारण त्याचं नाचणं.

आणि इथे रॉक पिक्चरमधला तो नेहमीचा 'त्रस्त गायक' वाला मुद्दा येतो. कर्टिस स्टेजवर विचित्र नाचायचा, हात कोपरातून झपाझप फिरवायचा, डोळे कुठेतरी लांब. एपिलेप्सी झाल्यानंतर कधी कधी असं व्हायचं की तो नाचतोय की त्याला फिट आलीये हे समोरच्यांना कळायचं नाही, लोक टाळ्या वाजवायचे. बँडमधल्यांनाच काय ते कळायचं, मग ते उचलून आत न्यायचे. पिक्चरमधे हा सीन आहे, आणि त्यात रायलीचा लाइव्ह आवाज असण्याचा खरा फायदा होतो, कारण आधी आवाज बिघडतो. शब्द लांबतात, ओळ ठोक्याच्या मागे पडते, ड्रमर मान वर करून बघतो. प्लेबॅकवर हे करताच आलं नसतं, प्लेबॅक कधी मागे पडत नाही.

मला पिक्चरमधलं सगळ्यात जास्त आवडलेलं म्हणजे त्याचं ऑफिस. मॅकल्सफील्डच्या चढाच्या रस्त्याने हा माणूस कामाला चाललाय, लांब कोट, कॅमेरा मागे जातो आणि पाठीवर मोठ्या अक्षरात 'हेट' लिहिलेलं, आणि तोच माणूस ऑफिसात शिरून टेबलाशी बसतो, अगदी सभ्यपणे लोकांना विचारतो की काम कसलं हवंय. तिथे एक मुलगी येत असते, तिला झटके येतात. खऱ्या आयुष्यातही अशी एक मुलगी त्याच्याकडे यायची, ती पुढे गेली, आणि त्यातून 'शीज लॉस्ट कंट्रोल' हे गाणं आलं. म्हणजे हा आजार त्याला होण्याच्या आधी त्याने टेबलाच्या ह्या बाजूने बघितला होता. मग डॉक्टर त्याला औषधं लिहून देतो, ही घ्या, ती घ्या, हिने झोप येईल, हिने असं होईल, तेव्हाची औषधं तशीच होती, फेनोबार्बिटोन वगैरे, माणसाचा मूड पार बुडवणारी. रॉक बायोपिकचा ठरलेला साचा असतो ना, लहानपणीचा घाव, मग ड्रग्ज, मग बायकोशी भांडण, मग स्टेजवर पुनर्जन्म. इथे घाव म्हणजे एक प्रिस्क्रिप्शन, एक पगाराची नोकरी, एक तान्ही पोरगी, आणि बेल्जियमची एक दुसरी बाई जिच्याशिवाय राहवत नाही. मध्यमवर्गीय घरातला कुणालाही ओळखीचा वाटेल असा गुंता आहे.

फिटवरून आठवलं, आपल्याकडे अजूनही सेटवर कुणाला फिट आली की पहिला माणूस कांदा शोधायला पळतो आणि दुसरा चप्पल काढतो. एका शूटला मी हे डोळ्याने बघितलंय, लाइटबॉय पोरगा होता. काहीही हुंगवायचं नाही, तोंडात काही कोंबायचं नाही, आजूबाजूचं लागणारं सामान बाजूला करायचं, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेलं तर सरळ ॲम्ब्युलन्स. विषय निघालाच आहे म्हणून.

तक्रारी पण सांगतो, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. पुस्तक बायकोचं, पण पिक्चरमधे बायको हळूहळू दारात उभी राहून वाट बघणारी बाई होऊन जाते, समँथा मॉर्टनसारखी नटी आहे म्हणून ती नुसती शांत बसूनही पडदा भरते, दुसरी कुणी असती तर गेलंच असतं. ती बेल्जियमची ॲनिक तर आणखीनच धूसर. लग्न मोडायला आलंय आणि नेमकं तिथेच 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' लावणं, हे मला जरा शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटलं, गाण्याचं नावच सीनचा मथळा. आणि बँड मूळचा फार टवाळ होता म्हणतात, एकमेकांच्या खोड्या काढणारी पोरं, ते सगळं मॅनेजर झालेल्या टोबी केबेलवर सोपवलंय. तो मात्र धमाल आहे, तो पडद्यावर आला की थेटरात हवा येते.

'लव्ह विल टेअर अस अपार्ट' आणि शेवटचं 'ॲटमॉस्फियर' ही दोन गाणी मात्र मूळ बँडचीच आहेत, रेकॉर्डवरची. नीट बघा कुठे लावलीत. दोन्ही वेळा पडद्यावर कुणी गात नाहीये. म्हणजे ह्या दोन्ही वेळी कर्टिसचा खरा आवाज येतो तो समोर कुणी गात नसताना. हे मला तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं आणि मी रात्री साडेबाराला एका एडिटर मित्राला फोन केला होता, तो झोपेत हो हो म्हणाला.

शेवटाकडे, ती सकाळ. बायको घरी येते, आत जाते, आणि कॅमेरा रस्त्यावरच थांबतो. आत काय आहे ते दाखवत नाहीत, ऐकू येतं. साउंडवाल्याच्या भाषेत सांगायचं तर आतला माणूस बाहेरून ऐकायचा असेल तर आवाजाच्या वरच्या पट्ट्या, म्हणजे त्यातला तीक्ष्ण भाग, कापाव्या लागतात, भिंत आणि दार तेच करतात, आणि आजूबाजूला रस्ता ठेवावा लागतो, साधी सकाळ, कारण जग चालूच असतं. बहुतेक जण इथे म्युझिक टाकतात. इथे टाकलेलं नाही. मी आजवर कितीतरी दिग्दर्शकांना हा सीन दाखवलाय, सर इथे व्हायोलिन नको म्हणून, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तरीही व्हायोलिन टाकलंय. आणि हो, मन आधीच जड असेल तर हा पिक्चर एकट्याने रात्री लावू नका, कुणीतरी सोबत असू द्या, आणि फारच जड असेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

प्रश्नकर्त्याने शेवटी विचारलंय की हे सगळं घरी बसून कसं ओळखायचं. टीव्हीच्या स्पीकरवर नाही कळणार. साधे वायरवाले हेडफोन घ्या, ब्लूटूथवर नको, ब्लूटूथ स्वतःच उशीर करतो आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल. गाण्याचा सीन लावा, आधी डोळे मिटून ऐका, ओळींच्या मधले श्वास मोजा. मग आवाज बंद करून तोच सीन बघा आणि छाती किती वेळा वर येते ते मोजा. दोन्ही आकडे साधारण जुळले तर माणूस गातोय. रायलीचे जुळतात. त्या जत्रेच्या गाण्यात माझे अजून चार कमी पडतात.